आमच्या वस्तीवर डॉक्टर येत नव्हते

मला आडवं पाडलं ते आमच्याच गिरणीच्या पट्ट्यानं. ज्वारीचं दळण चालू होतं. पट्टा तुटला आणि त्याचा फटका असा बसला की मी ओट्यावरून उलटी खालच्या फरशीवर आपटले. उभा जन्म जिला तेलपाणी केलं तिनंच घात केला. उठायला गेले तर कमरेत कोणी पहार घातली असं वाटलं. मग मी जी ओरडले ती कालव्यापलीकडं ऐकू गेली म्हणतात. गिरणीवाल्या बाईचा गळा मोठाच असतो, चक्कीच्या वर बोलून बोलून तयार झालेला.

माझं नाव शकुंतला. वस्तीवर सगळे आक्का म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं. राहुरीहून कोल्हारकडं जाताना उसात आत शिरलेली आमची वस्ती आहे, सगळी घरं एकाच भावकीची. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा बबन, सून मंगल आणि मी. हे लिहितेय ते अशा घरांसाठी, जिथं म्हातारं माणूस खाटेवर पडून आहे आणि डॉक्टर काही उंबऱ्याशी येत नाही. गोड गोड लिहायला मला जमत नाही. माझं आजारपण मारामारीत गेलं, ते तसंच सांगते.

नगरचा दवाखाना

नगरला पाठीचा फोटो काढताना मला स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायला वॉर्डबॉयनं हिसका दिला. मी त्याच्या दंडाला चावले. चांगला मिशीवाला बाप्या, तो "आजी, आजी" करत नाचायला लागला, पण मी सोडेना. शेवटी बबननं माझा जबडा धरून त्याला सोडवलं. पुढं रोज सकाळी अंथरूण बदलायला तोच यायचा आणि दारातूनच विचारायचा, "आजी, नाश्ता झाला का? झाला असंल तरच आत येतो."

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, मणका फुटलाय आणि एक तुकडा पायांच्या नसेला टेकलाय. माझी शुगर आणि छाती बघता ऑपरेशन झेपणार नाही. हाड जुळेपर्यंत सपाट पडायचं. बसायचं नाही, उठायचं नाही, कूस बदलायची ती तिघांनी मिळून, ओंडका फिरवतात तशी. लघवीला नळी. तुकडा सरकला तर दोन्ही पाय जातील.

"जात्याल म्हंजे?" मी विचारलं.

"हलणार नाहीत. कायमचे."

त्या दिवशी मी खरी भ्याले. मरणाचं मला एवढं काही नव्हतं, ते एकदाच येतं. पण पाय गेले तर मंगलनं जन्मभर माझं हागणंमुतणं काढायचं, आणि मी छताकडं बघत तिला शिव्या द्यायच्या, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. मी देवालाही शिव्या दिल्या. त्याला काय, तो ऐकून घेतो.

दवाखान्याचा दिवस ठरलेला. आधी रक्त काढायला, मग पाव आणि पाणचट चहा, मग डॉक्टरांचा राउंड, आणि मग दिवसभर पंख्याकडं बघायचं. शेजारच्या खाटेवर शेवगावची एक बाई होती, तिची बहीण डबा घेऊन यायची. माझी ना ओळख ना पाळख. एक दिवस न विचारता ती उशाशी आली, माझ्या केसांचा झालेला गुंता बोटांनी सोडवला आणि तेल चोळलं. इतकं दुखलं तेव्हा रडले नव्हते, त्या तेलानं रडले.

घरी आणलं तो दिवस मात्र मी विसरणार नाही. कारखान्याच्या ट्रॉल्यांनी आमच्या रस्त्याची पार चाळण केलेली. दर खड्ड्याला पाठीतून वीज गेल्यासारखी कळ यायची आणि दर कळीला मी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वस्तीच्या अलीकडं एका दणक्याला माझा डावा पाय बधिर झाला. अंगणात उतरवेपर्यंत अंगठा मला माझा वाटत नव्हता. तो पुढं सावकाश जागा झाला. ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "आक्का, परत न्यायला मला बोलवू नका. माझ्यानं बगवत न्हाई."

हललं तर पाय, नाही हललं तर जीव

काही आठवडे बरे गेले. मग नळीतून गढूळ यायला लागलं आणि एका दुपारी अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. अंग भट्टीसारखं. मला छताच्या पत्र्यावर माझी मेलेली सासू दिसायला लागली, आणि तीही भांडायलाच आलेली.

मंगलनं नगरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लघवीत पू झालाय, तो रक्तात चाललाय. नळी बदलायला हवी, शिरेतून औषध हवं, आजच्या आज. पण त्या रस्त्यानं आणू नका, मागच्या वेळी पाय बधिर झाला होता, या वेळी जाईल. जवळचा डॉक्टर घरी बोलवा.

बोलवा म्हणणं सोपं. मंगल फोन लावत होती आणि मी ऐकत होते. एक म्हणाले, पेशंटला इकडे घेऊन या. दुसरे म्हणाले, व्हिडिओवर दाखवा, मी गोळ्या लिहून देतो. तिसऱ्यांनी आधी "येतो" म्हटलं, मग वस्ती कोणती ते विचारलं, आणि नाव ऐकल्यावर त्यांना एकदम लग्नाला जायचं आठवलं. सरकारी गाडी न्यायला तयार होती, पण डॉक्टरला घेऊन यायला नाही. सरकारी उपकेंद्राची सिस्टर तयार होती, पण डॉक्टरनं तपासून लिहून दिल्याशिवाय ती सुई लावणार नव्हती. तिचंही बरोबरच.

मी सगळ्यांना अंथरुणातून शिव्या घातल्या. पण वस्तीचं नाव ऐकून लोक का पळतात ते मला ठाऊक होतं. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

बर्डे डॉक्टर

काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडं बर्डे डॉक्टर येत. मोटरसायकलवर, पाठीला पिशवी, ऊस असो की चिखल. कितीतरी म्हाताऱ्यांचे शेवटचे दिवस त्यांनी सोपे केले. मग माझ्या धाकट्या दिरांच्या, तात्यांच्या, छातीत दुखायला लागलं. डॉक्टर आले, बघताच म्हणाले, "ताबडतोब नगरला हलवा," आणि तोवर म्हणून एक इंजेक्शन दिलं. गाडी कोणाची न्यायची, सोबत कोणी जायचं, यावर आमच्या भावकीचा खल चालला. तो संपायच्या आत तात्या गेले.

"सुईनं मारला!" कोणीतरी ओरडलं. पहिली थप्पड आमच्या बबनची. तात्यांनी त्याला खांद्यावर खेळवलेलं, त्याचं डोकं फिरलं. पहिली पडायचाच अवकाश, मग सगळी भावकी तुटून पडली. खाली पाडून लाथा घातल्या. डॉक्टरांच्या गळ्याचं हाड मोडलं. मोटरसायकल उचलून कालव्यात टाकली. गिरणी बंद करून मी धावत गेले आणि सगळ्यांदेखत बबनला पायातल्या चपलेनं बडवला. त्यानं मान खाली घालून मार खाल्ला. पण त्यानं डॉक्टरचं हाड थोडंच जुळणार होतं? पुढं गावानं बसून प्रकरण मिटवलं. मिटवलं म्हणजे कागदावर. त्यानंतर आमच्या वस्तीत म्हातारी माणसं गेली ती तशीच गेली, डॉक्टरचा हात न लागता.

आता मी तापानं फणफणत होते आणि बबन खाटेशी बसून होता. मी म्हणाले, "जा. त्याच्याकडं जा."

"तो येईल व्हय? माझं थोबाड बगून?"

"न्हाई आला तर न्हाई. पर तू गेलाच न्हाई असं नको व्हायला."

मंगल त्याच्याबरोबर गेली होती, तिनं नंतर सांगितलं. बबन पेशंटच्या रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर डॉक्टरांनी वर पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप गळ्याच्या हाडाकडं गेला. बबननं पाय धरले तर ते खुर्चीसकट मागं सरकले. "पायांशी येऊ नका. मला कोणी पायांशी आलेलं चालत नाही." मग माझं सगळं विचारून घेतलं, ताप, नळी, अंगठा. शेवटी म्हणाले, "दवाखाना आटोपून येतो. दिवे लागायच्या सुमाराला. पण गर्दी नको. चार माणसं एका जागी दिसली तर गाडी वळवीन."

"एक माणूस दिसनार न्हाई," बबन म्हणाला.

भावकीचा मान

आमच्या लोकांचं काय सांगावं. मारायलाही सगळे आणि मान द्यायलाही सगळे. डॉक्टर येणार म्हटल्यावर घराघरात आनंद झाला. झालं गेलं धुऊन काढायची ही संधी, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. त्यातून त्याच दुपारी चारीच्या, म्हणजे कालव्याच्या पाटाच्या, कडेला बिबट्यानं एक कालवड ओढली होती. मग तर विचारूच नका. डॉक्टर वस्तीच्या वाटेवर आणि उसात वाघरू! त्यांच्या केसाला धक्का लागला तर वस्तीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा कालव्याच्या पुलापासून घरापर्यंत त्यांना सांभाळून आणायचं.

बबननं हात जोडले. "नका जाऊ. त्यान्ला गर्दी नको हाय."

"तू गप," माझा चुलत दीर त्याला म्हणाला. "तुझ्यामुळंच तर ही येळ आली. आमी काय मारायला चाललोय का? सोबत करायला चाललोय."

आमच्याकडं बिबट्याच्या वाटेनं सोबत करायची म्हणजे कशी, ते बाहेरच्या माणसानं समजून घ्यावं. हातात काठ्या, कोयते, डोक्याला बॅटऱ्या, मोठमोठ्यानं आरडाओरडा, आणि मधूनमधून फटाके.

मी पाठीवर. मला दिसत होते फक्त पत्रे, बाकी सगळं कानांनी बघितलं. गाडीचा आवाज आला. मग फटाक्यांची माळ तडतडली. "आलं, आलं, पळा पुढं!" असा एकच कालवा. पुढच्या क्षणाला गाडी किंचाळल्यासारखी उलटी धावायला लागली आणि धाडकन काहीतरी कोसळलं. गाडी चारीत गेली होती. "आरं डॉक्टर! काढा त्यान्ला!" म्हणत पळणारे पाय. त्या सगळ्यांच्या पुढं, आमच्या अंगणातून सुटलेले बबनचे पाय मला ओळखू आले.

मग एक आवाज आला. ओल्या पोत्यावर दांडका मारल्यासारखा. आणि सगळं शांत.

"बबन्याला मारलं! डॉक्टरनं बबन्याचं डोस्कं फोडलं!"

त्यानंतर जो गलका उठला तो मी एकदा ऐकलेला होता, तात्या गेले तेव्हा. माणसं एकमेकांत मिसळून एकच जनावर होतात तो आवाज. मला कळून चुकलं, आता डॉक्टर मरणार. माझ्या दाराशी, माझ्यासाठी आलेला माणूस. आणि बबन मेला असेल नाहीतर फासावर जाईल.

मी उठायला लागले.

मंगल खांद्यांवर पडली. "आत्याबाई, हलू नका!" मी तिचे केस धरले, गालावर नखं ओढली, तिच्या आईबापाला शिव्या दिल्या. "सोड मला, रांडे, माझा पोरगा मारला!" तापातल्या माणसाला ताकद कुठून येते कोण जाणे. माझी पाठ खाटेवरून सुटायला लागली तशी मंगलनं माझ्या तोंडात मारली. अशी मारली की कानात पाणी गेल्यासारखं झालं. मग माझ्या छातीवर आपलं सगळं वजन टाकून ती रडत म्हणाली, "पाय जात्याल तुमचे. मी न्हाई जाऊ देनार."

सुनेनं सासूला मारलेली थप्पड जगात कोणी कौतुकानं लिहिली नसेल. मी लिहिते. तिनं माझे पाय वाचवले.

पाठ टेकलेली, वर सून पडलेली, हातपाय बांधल्यासारखे. उरला होता फक्त गळा. मी ओरडले, "त्यान्ला हात लावाल तर मी हितंच मरंन! तुमच्या दारात मरंन!" गिरणीचा आवाज कधी नव्हे तो कामाला आला म्हणायचं, तर तसंही नाही. त्या गलक्यात माझं कोणी ऐकलंच नाही. ऐकलं ते बबनचं. तो जिवंत होता. "मागं सरा! एकानंबी हात लावायचा न्हाई. माझं मी बघून घीन. कोयता टाक खाली. टाक!" आणि मग दाराजवळ येऊन, हळू आवाजात, "चला डॉक्टर. आई आत हाय."

तपासणी

पत्र्यांच्या खाली एक चेहरा आला. चिखलानं माखलेला, चष्म्याची एक काच तडकलेली. बर्डे डॉक्टर म्हातारे झाले होते. बबनला मारलेला गाडीचा व्हीलपाना हातात तसाच होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना, तेव्हा मंगलनं त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पिशवी दिली.

"आधी ह्याला टाके घालतो," ते म्हणाले.

"आदी आई," बबन म्हणाला.

त्यांनी हात धुतले. चिखल निघेना म्हणून पुन्हा धुतले. मग नाडी बघितली, पोट दाबलं, पायांच्या तळव्यांवर टाचणी टोचून विचारलं, "हे कळतंय?" मी म्हणाले, "कळतंय, हळू टोचा की." त्या खोलीत तेवढाच एकदा कोणीतरी हसल्यासारखं झालं. नळी बदलली, शीर मिळेना तर दोनदा टोचून मिळवली, सलाईन लावलं. बाटली अडकवायला खिळा नव्हता, ती बबन धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि थेंब माझ्या दंडावर पडत होते. मी वर बघत होते, दुसरीकडं बघता येतच नव्हतं.

नंतर चुलीपुढं बसवून डॉक्टरांनी बबनला टाके घातले. पिशवीतली बधिर करायच्या औषधाची बाटली चारीत फुटली होती. बबननं हूं की चूं केलं नाही. बाहेर भावकीनं दोर लावून, ओढून गाडी वर काढली, धुऊन पुसून दारात आणली आणि सगळे उकिडवे बसले, मयताला बसतात तसे.

सिस्टर रोज येऊन इंजेक्शन द्यायला लागली. ताप उतरला तो एकदम नाही, दोन पावलं पुढं, एक मागं. मी मंगलच्या गालावरचे नखांचे ओरखडे बघायची आणि नजर चुकवायची. एकदा हळदीचं बोट पुढं केलं. ती म्हणाली, "राहू द्या. तुमचा गाल बगा आदी, अजून लाल हाय." तिथून आमचं जरा बरं चाललंय.

डॉक्टर आणखी एकदा आले. या वेळी अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं, मंगलनं सगळी बाप्यामाणसं शेतात हाकलली होती, बबनसकट. त्यांनी पाय तपासले, हाड जुळतंय म्हणाले. निघता निघता मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमी भिऊन मारलं, त्यात तुमचा दोष न्हाई. मनाला लावून घिऊ नका."

ते खाटेच्या काठावर बसले. म्हणाले, "मावशी, भ्यालो होतो हे खरंय. पण बबन समोर आला तेव्हा मी त्याला ओळखलं होतं. हात रिकामे होते त्याचे. ओळखूनच मारला. आणि मारल्यावर मला बरं वाटलं. फार बरं वाटलं."

माझ्या हातात त्यांचं मनगट होतं. मनात आलं, पिरगाळावं. माझ्या लेकाचं डोकं फोडून बरं वाटलं म्हणतो! राग डोक्यात गेला आणि तिथंच फिरत राहिला, कारण दुसरीकडं जायला त्याला जागा नव्हती. त्याच हातानं मला वाचवलं होतं. मी विचारलं, "मग आता फिटलं म्हनायचं का?"

"नाही ना मावशी. तोच घोळ आहे. तो दिसला की हात अजून शिवशिवतो. अशा माणसानं कोणाच्या घरात सुई घेऊन शिरू नये. यापुढचं सिस्टर बघेल. मी नाही येणार."

आणि ते आले नाहीत.

जे मला कळलं

कोणाच्या घरी अशी वेळ असेल तर एवढंच सांगते. डॉक्टर यायचा असेल तर अंगण मोकळं ठेवा. काळजी करणारी माणसंही मोकळीच ठेवा, लांब. घरातलं एकच शहाणं माणूस पुढं करा, बहुधा ती सून असते. दवाखान्यातून सुट्टी घेतानाच विचारून ठेवा की नळी तुंबली, ताप आला, तर घरी कोण येणार. आम्ही विचारलं नव्हतं. आणि डॉक्टरवर हात उचलायची बुद्धी झाली तर आधी आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं बघा. तो फटका त्याला बसणार असतो.

माझं हाड जुळलं. आधी बसले तेव्हा घेरी येऊन मंगलच्या अंगावर पडले. मग उभी राहिले, मग वॉकर धरून ओट्यापर्यंत. पाय माझेच आहेत, दुखतात म्हणजे आहेत. कमरेला पट्टा मात्र कायमचा लागलाय, तो रोज सकाळी बबन बांधून देतो.

डॉक्टर जे बोलले ते मी बरेच दिवस पोटात ठेवलं. सांगितलं तर हा पुन्हा तिकडं जाईल आणि काहीतरी करून बसेल ही भीती. पण लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. एका सकाळी तो पट्टा आवळत होता, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

त्याचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "पाना उगारला तवा त्यानं नाव घेतलं हुतं माझं. 'बबन' म्हनाला, आन मग मारला."

"मग भाड्या, चुकवायचा हुता! हात धरायचा हुता त्याचा!"

"धरला असता तर मोडला असता, आई," तो म्हणाला. "त्या हातानं तुला तपासायचं राहिलं हुतं."